‘ग्लिबसी २.२९ सापडली नाही’ : एका एरर मेसेजचा इतिहास

विभागाच्या जुन्या क्लस्टरवर पायथनचं एखादं नवं पॅकेज चालवायला गेलं की कधी ना कधी ही ओळ भेटतेच : लिबएम.एसओ.६ मध्ये ‘ग्लिबसी_२.२९’ ही आवृत्ती सापडली नाही. तिकडे गिटहबवर त्याच कोडसमोर हिरवी टिक असते, सगळ्या टेस्ट पास असतात. मग इथे काय बिघडलं? बहुतेक जण ही ओळ सर्च करतात, मिळेल ते उत्तर चिकटवतात आणि कामाला लागतात. पण या एका ओळीत तीन वेगवेगळ्या काळांतले तीन निर्णय बसलेले आहेत. ‘एसओ’ हा १९८०च्या दशकातला, ‘६’ हा १९९७चा आणि ‘२.२९’ हा २०१९चा. ती ओळ आपल्या स्क्रीनवर येते ती मात्र चौथ्या कारणाने : हल्ली कोड एका मशीनवर बिल्ड होतो आणि भलत्याच मशीनवर चालतो.

हा इतिहास संगणकशास्त्रवाल्यांपुरता नाही. ज्यांच्या प्रबंधातले आकडे कोडमधून येणार आहेत, त्या सगळ्यांचा आहे. कसा, ते शेवटाकडे येईल.

‘एसओ’ कुठून आलं

लायब्ररी हा शब्द आपल्या अर्थाने रुळला तो केंब्रिजच्या एडसॅक मशीनवर. १९४९ नंतर तिथे विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी तयार सबरूटीन कागदी पट्ट्यांवर पंच करून कपाटात ठेवली होती. ज्याला हवी त्याने पट्टी काढायची, तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या पट्टीवर उतरवायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. आज आपण याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतो. लायब्ररीची प्रत प्रोग्रामच्या पोटात जाते. नंतर कपाटातली पट्टी कोणी बदलली तरी तुमच्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो.

युनिक्सने बराच काळ हेच केलं. चालत्या प्रोग्रामला लायब्ररी जोडण्याची सोय मल्टिक्समध्ये १९६०च्या दशकातच होती, पण युनिक्सने ती उचलली नव्हती. गरज पडली ती स्क्रीनवरच्या खिडक्यांमुळे. सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर ग्राफिक्स आलं, आणि साध्या घड्याळाच्या प्रोग्रामच्या पोटातही विंडो लायब्ररीची प्रत जायला लागली. सन-३/५० या मॉडेलची मेमरी होती ४ मेगाबाइट. चार खिडक्या उघडल्या की त्याच कोडच्या चार प्रती मेमरीत. १९८७च्या युझनिक्स परिषदेत सनच्या रॉबर्ट गिंगेल आणि सहकाऱ्यांनी उपाय मांडला : प्रत एकच ठेवायची, मेमरीत एकदाच आणायची, सगळ्यांनी वाटून घ्यायची. प्रोग्रामच्या फाइलमध्ये लायब्ररी नसेल, फक्त तिचं नाव असेल. ‘एसओ’ म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट, ते हेच. १९८८च्या सनओएस ४.० मध्ये ही सोय आली आणि पुढे एल्फ नावाच्या फाइल-फॉरमॅटमधून ती बहुतेक सगळ्या युनिक्स घराण्यात पसरली.

फक्त नाव लिहून ठेवणं ही एक प्रकारची उधारी आहे. प्रोग्राम म्हणतो, ‘चालायची वेळ येईल तेव्हा या नावाचं काहीतरी तिथे असेल, आणि मला बिल्ड करताना जे होतं तसंच ते वागेल.’ ही उधारी कोण फेडणार, आणि कशाच्या भरवशावर, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. मेमरी आज स्वस्त आहे. मूळ कारण जवळजवळ संपलंय, पण उधारी चालू आहे.

लिनक्सची सुरुवात आणखी अवघड होती. तिथल्या पहिल्या शेअर्ड लायब्ररींना मेमरीत ठरावीक पत्ताच लागायचा, आणि दोन लायब्ररी एकाच पत्त्यावर येऊ नयेत म्हणून पत्त्यांची मध्यवर्ती यादी ठेवावी लागायची! १९९५च्या सुमारास लिनक्स एल्फवर आलं आणि ती कटकट संपली.

‘६’ आणि त्याच्या मागचा ‘जी’

सी भाषेची मूलभूत लायब्ररी म्हणजे लिबसी. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिनक्सवाल्यांनी जीएनयूच्या लिबसीची आपली वेगळी शाखा चालवली होती. तिच्या चौथ्या आणि पाचव्या आवृत्त्या वापरात होत्या. दरम्यान मूळ जीएनयू लिबसी, म्हणजे ग्लिबसी, पुढे गेली. १९९७ मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि लिनक्सने परत तिच्याकडे यायचं ठरवलं. पाचनंतरचा क्रमांक म्हणून फाइलचं नाव पडलं लिबसी.एसओ.६.

डिसेंबर १९९७ मध्ये रेड हॅट ५.० आणि जुलै १९९८ मध्ये डेबियन २.० या नव्या लिबसीवर गेले. हे स्थलांतर त्रासाचं होतं. समजा तुमचा प्रोग्राम सहाव्या लिबसीवर बिल्ड झालाय, पण तो वापरतो ती झेडलिब अजून पाचव्यावर आहे. मग एकाच प्रोसेसमध्ये दोन लिबसी येतात. दोघींची मेमरी वाटपाची पद्धत वेगळी, दोघींच्या फाइल-रचना वेगळ्या. एकीने दिलेली मेमरी दुसरीने मोकळी करायला घेतली की प्रोग्राम कोसळतो. डेबियनने तोडगा काढला : ग्लिबसीवर नव्याने बिल्ड केलेल्या लायब्ररींच्या पॅकेजच्या नावाला शेवटी ‘जी’ लावायचा, म्हणजे जुनी आणि नवी शेजारी शेजारी राहतील. तुमच्या सीआयच्या फाइलमध्ये ‘झेडलिब१जी-डेव्ह’ इन्स्टॉल करणारी ओळ असेल तर तो ‘जी’ तिथलाच आहे. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, काढायला कोणी धजावलं नाही.

या अनुभवानंतर ‘६’चा ‘७’ कधी झालाच नाही. आजही फाइल लिबसी.एसओ.६ च आहे. मग आतलं बदलायचं कसं? सनच्याच सोलारिसमधून आलेली एक कल्पना ग्लिबसीने २.१ मध्ये, म्हणजे १९९९ साली, वाढवून घेतली : संपूर्ण लायब्ररीला एक क्रमांक देण्याऐवजी प्रत्येक फंक्शनवर शिक्का मारायचा. फंक्शनचं वागणं बदललं तर जुनं रूप जुन्या शिक्क्यासह तसंच ठेवायचं आणि नवं रूप नव्या शिक्क्यासह शेजारी ठेवायचं. जुना प्रोग्राम जुना शिक्का मागतो, त्याला जुनं रूप मिळतं. आज नव्याने बिल्ड केलेला प्रोग्राम सगळ्यात नवा शिक्का उचलतो.

शिक्का कसा लागतो याचं उत्तम उदाहरण मेमकॉपीचं. मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे नेणारं हे फंक्शन. सी भाषेच्या नियमानुसार दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. असल्या तर काय होईल याची हमी नाही. २०१० मध्ये फेडोरा १४ मध्ये ग्लिबसीचं वेगवान मेमकॉपी आलं, जे काही प्रोसेसरवर उलट्या दिशेने नक्कल करायचं. अडोबी फ्लॅश प्लेअर नेमका तो नियम मोडत होता. परिणाम, लोकांच्या व्हिडिओंचा आवाज खरखरायला लागला. लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बग-चर्चेत उतरले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की नियम कोणाचा मोडला हे वापरणाऱ्याला काय करायचंय, कालपर्यंत चालत होतं ते आज बिघडलं. शेवटी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवा शिक्का मिळाला आणि जुन्या शिक्क्याचे प्रोग्राम सुरक्षित वागणाऱ्या रूपाकडे वळवले गेले. मला स्वतःला यात टोरवाल्ड्स यांची बाजू पटते. लायब्ररीचा करार कागदावर असतो तेवढाच नसतो, लोक ज्यावर विसंबतात तोही त्यात येतो.

या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जुन्या सिस्टिमवर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं. उलट नाही. नव्यावर बिल्ड केलेला प्रोग्राम नवे शिक्के मागतो, आणि जुन्या सिस्टिमकडे ते नसतात.

बिल्ड कुठे झाला?

बरीच वर्षं हे कोणाला फार बोचलं नाही, कारण प्रत्येक डिस्ट्रिब्युशन आपली पॅकेजेस आपल्याच लायब्ररींवर बिल्ड करायचं आणि उरलेले लोक स्वतःच्या मशीनवर कंपाइल करायचे. बिल्डची जागा आणि वापराची जागा एकच.

कंटिन्युअस इंटिग्रेशन आलं ते वेगळ्या दुखण्यावरचं औषध म्हणून. टीममधले सगळे आपापला कोड महिनोन्‌महिने वेगळा ठेवायचे आणि शेवटी एकत्र करताना रडायचे. १९९०च्या दशकाच्या शेवटी केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगने सांगितलं की रोज, शक्य तर दिवसातून अनेकदा, एकत्र करा आणि टेस्ट चालवा. मार्टिन फाउलर यांचा त्यावरचा लेख २०००चा. मग क्रूझकंट्रोल, मग सनमध्येच काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांचं हडसन, जे २०११ मध्ये जेन्किन्स झालं. या काळातला बिल्ड सर्व्हर म्हणजे साधारणपणे खोलीच्या कोपऱ्यातलं एक मशीन. त्याच्यावर कोणी कधी काय इन्स्टॉल केलं याची नोंद कुठेच नाही, पण बिल्ड तिथेच होतो, म्हणून त्याला हात लावायची सगळ्यांना भीती.

२०११ च्या आसपास ट्रॅव्हिस सीआयने ही पद्धत मोडली. दर बिल्डला कोरं मशीन, काम झालं की पुसून टाकायचं. मशीनवर काय हवं ते रिपॉझिटरीतल्या एका फाइलमध्ये लिहायचं. संशोधनाच्या दृष्टीने हे फारच चांगलं, कारण निदान मागितलेल्या गोष्टींची तरी नोंद व्हायला लागली. पण न मागता मिळालेल्या गोष्टींची नोंद कुठे होते? कोऱ्या मशीनवर लिबसी असते, लिबएसएसएल असते, सी++ची लायब्ररी असते, आणि फाइलमध्ये त्यांचं नावही नसतं. फाइलमध्ये असतं ‘उबुंटू-लेटेस्ट’. २०२२च्या अखेरीस गिटहबवर या नावामागचं मशीन उबुंटू २०.०४ वरून २२.०४ झालं. ग्लिबसी २.३१ ची २.३५ झाली आणि ओपनएसएसएल १.१ जाऊन ३ आली. कोडमध्ये एक अक्षर न बदलता लोकांचे बिल्ड ‘लिबएसएसएल.एसओ.१.१ उघडता आली नाही’ म्हणून पडले. असा बिल्ड पडला तर मी ते नशीब समजेन. पडला नसता आणि आत काहीतरी बदललं असतं, तर कळलंच नसतं.

आता सुरुवातीच्या एररकडे या. कोड गिटहबच्या नव्या उबुंटूवर बिल्ड झाला, नवे शिक्के घेऊन बाहेर पडला, आणि तुम्ही तो सेंटओएस ७ असलेल्या क्लस्टरवर आणला, जिथे ग्लिबसी आहे २.१७. टिक खोटी नव्हती. ती त्या मशीनपुरती खरी होती.

जुन्या मशीनवर बिल्ड करायचा

पायथनच्या जगाने यावर जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं, कारण ते अजिबात दिमाखदार नाही. जानेवारी २०१६ मध्ये रॉबर्ट मॅकगिबन आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी पेप ५१३ लिहिला. त्याचं सार : जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं ना, मग सीआयमध्ये मुद्दाम जुनं मशीन वापरा. त्यांनी निवडलं सेंटओएस ५, २००७चं, ग्लिबसी २.५ असलेलं. त्याचा डॉकर कंटेनर बनवला आणि अशा पॅकेजला ‘मेनीलिनक्स१’ असं लेबल दिलं. बाहेरच्या मशीनवर असणारच असं मानायच्या मोजक्या लायब्ररींची यादी दिली. बाकी काहीही लागत असेल तर ते पॅकेजमध्ये भरून न्यायचं. हे भरायचं काम ऑडिटव्हील नावाचं टूल करतं : लायब्ररीची प्रत घेतं, दुसऱ्या प्रतीशी गल्लत नको म्हणून नावात हॅशचा तुकडा घालतं आणि आतले पत्ते बदलतं. नमपायच्या पॅकेजमध्ये ओपनब्लास याच पद्धतीने बसलेली असते. म्हणजे सनने १९८७ मध्ये पोटातून बाहेर काढलेली प्रत आपण पुन्हा पोटात घातली.

याची किंमतही लगेच दिसली. पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी२ च्या २०१७ मधल्या तयार पॅकेजमध्ये लिबएसएसएलची स्वतःची प्रत होती, आणि पायथन स्वतः सिस्टिमची दुसरी प्रत उघडायचा. एकाच प्रोसेसमध्ये दोन लिबएसएसएल. थ्रेड वापरणारे प्रोग्राम कधीमधी, कारण न सांगता कोसळायचे. दोन लिबसींची १९९७ची गोष्ट वीस वर्षांनी पुन्हा. मग ते तयार पॅकेज ‘-बायनरी’ असं वेगळं नाव देऊन बाजूला काढावं लागलं. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड सापडलं तेव्हा सिस्टिमची एक लायब्ररी बदलली आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केल्या की काम भागत होतं. शंभर पॅकेजेसच्या पोटात शंभर प्रती असतील तर कोणाकोणाचं पोट उघडणार?

शिवाय जुनं मशीनही कायम टिकत नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्याच वर्षी गिटहबने आपल्या सीआयमधलं नोड १६ काढून नोड २० आणलं, आणि नोड २० ला किमान ग्लिबसी २.२८ लागते. कोड उतरवून घेण्यासारखी साधी पायरीसुद्धा नोडवर चालते, त्यामुळे सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये ती पहिल्याच पायरीला पडायला लागली. म्हणजे जुन्या ग्लिबसीसाठी बिल्ड करणारं यंत्रच ‘ग्लिबसी सापडली नाही’ म्हणू लागलं.

नावावर विश्वास न ठेवणारा प्रबंध

दुसरी वाट एका पीएचडीच्या प्रबंधातून निघाली. २००६ मध्ये ईल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाला सादर केलेला हा प्रबंध. प्रश्न एका वाक्यात मावणारा : नाव आणि क्रमांक यांच्यावर भरवसा ठेवायचाच का? त्यांच्या निक्स या टूलमध्ये लायब्ररीचा पत्ता तिच्या बिल्डमध्ये लागलेल्या सगळ्या गोष्टींच्या हॅशवरून ठरतो. सोर्स, कंपायलर, इतर लायब्ररी, फ्लॅग, सगळं. यातलं काहीही बदललं की पत्ताच बदलतो आणि जुनं जुन्या जागी राहतं. तयार फाइलला चालताना काय लागेल हे ते कसं शोधतात? फाइलच्या बाइटमध्ये ते हॅश आहेत का ते सरळ शोधतात. हॅश इतका लांब असतो की योगायोगाने सापडायची शक्यता नाही. प्रबंध कसा लिहावा हे बघायचं असेल तर हा जरूर चाळा. एक कल्पना घेऊन तिची किंमतही मोकळेपणाने मोजलेली आहे. किंमत अशी की ग्लिबसी बदलली तर तिच्यावरचं जग पुन्हा बिल्ड करावं लागतं.

प्रयोगशाळांमध्ये जास्त चालतं ते कोंडा. ते या दोन वाटांच्या मधलं आहे. लायब्ररी वाटूनच घ्यायच्या, पण सिस्टिमच्या नाही, आपल्या एन्व्हायर्नमेंटमधल्या. ग्लिबसी मात्र तेही सिस्टिमचीच घेतं.

आकड्यांचं काय

आतापर्यंतच्या गोष्टींत प्रोग्राम कोसळत होता किंवा सुरूच होत नव्हता. संशोधनाला धोका आहे तो सुरळीत चालणाऱ्या प्रोग्रामचा.

एररमधलं ‘२.२९’ आठवा. लिबएम ही गणिताची लायब्ररी आहे, आणि २०१९च्या फेब्रुवारीत आलेल्या २.२९ मध्ये नवा शिक्का मिळाला तो एक्स्प, लॉग आणि पॉव यांना. आपण रोज वापरतो ती फंक्शन. त्याच आवृत्तीत त्यांचं आतलं गणितही वेगासाठी नव्याने लिहिलं गेलं. आता बारीक मुद्दा : शिक्का सांभाळतो तो वागण्याचा करार, उदाहरणार्थ चुकीचा आकडा दिला तर एरर कशी कळवायची. शेवटच्या बिटची हमी त्यात नाही. जुन्या शिक्क्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालवला तर आतलं गणित नवंच वापरलं जातं. प्रोग्राम तोच, इनपुट तोच, एकही एरर नाही, आणि शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो.

शेवटच्या अंकाने काय होतं? ट्रिस्तान ग्लाटार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या एफएसएल, फ्रीसर्फर आणि सिव्हेट या सॉफ्टवेअरवर हेच तपासलं. तेच सॉफ्टवेअर, तोच डेटा, लिनक्सच्या वेगळ्या आवृत्त्या. ऊतींचं वर्गीकरण, एफएमआरआयचं विश्लेषण, मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी, सगळ्यांत मोजता येण्यासारखा फरक पडला. मुळाशी होती ती लांब पाइपलाइनमध्ये साचत गेलेली गणिती फंक्शनमधली बारीक तफावत. स्टॅटिक बिल्ड केल्यावर फरक कमी झाले. पण स्टॅटिक प्रोग्रामही चालताना बाहेरून लायब्ररी उघडतात, तिथे थोडे राहिलेच.

त्यामुळे ‘आमच्या कोडला सीआय आहे’ या वाक्यावर व्हायव्हात पुढचा प्रश्न येऊ शकतो, आणि उत्तर देता येतं. कंटेनरचं नाव टॅगने नाही, डायजेस्टने लिहा. टॅगखालची वस्तू बदलते, डायजेस्टखालची नाही. दोन वेगळ्या ग्लिबसींवर तीच टेस्ट चालवा आणि आकडे किती अंकांपर्यंत जुळतात ते टेबलमध्ये द्या. लायब्ररींची यादी काढायला लोक एलडीडी वापरतात, पण चालताना उघडलेल्या लायब्ररी त्यात दिसत नाहीत, आणि पायथनमध्ये बहुतेक तशाच असतात. त्याऐवजी टेस्टच्या शेवटी प्रोसेसची मेमरी-मॅप फाइल वाचून साठवा. प्रत्यक्षात काय काय उघडलं गेलं ते सगळं तिच्यात असतं. गिटहबवर अशा फाइल डीफॉल्टने ९० दिवसच राहतात, म्हणून ती प्रबंधाच्या रिपॉझिटरीतच कमिट करा.